छताखालचा वॉटरपार्क : कुटुंबासह मुक्कामाला जाण्याआधी काय माहीत हवे?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. उमरग्यातील माझ्या दवाखान्यात नेहमीचे एक जोडपे आले. काकांना बारा वर्षांपासून मधुमेह, काकूंना दमा. मुलगा शिकागोला नोकरी करतो आणि त्याने दोघांना हिवाळ्यात तिकडे बोलावले होते. काकूंनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत काचेच्या छताखाली रंगीत घसरगुंड्या, लाटांचा तलाव, वाफाळणारे गरम पाण्याचे टब. "लेकानं तीन दिवसांचं बुकिंग केलंय डॉक्टर. नातू तीन वर्षांचा आहे. ह्यांची साखर, माझा दमा. जावं का न जावं?"

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात हा प्रश्न नवा वाटेल. पण परदेशी असलेल्या मुलांकडे जाणारे आईवडील आता प्रत्येक गल्लीत आहेत. शिवाय सोलापूर-हैदराबाद महामार्गावर असलेल्या उमरग्यातून सुट्टीत हैदराबादच्या वॉटरपार्कला जाणारी कुटुंबेही कमी नाहीत. काकूंना मी "जरूर जा" असे सांगितले आणि त्यासोबत अर्धा तास बसवून काही गोष्टी समजावल्या. त्याच गोष्टी या लेखात सविस्तर देत आहे.

सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : वॉटरपार्कमध्ये ज्या गोष्टींमुळे आपण निर्धास्त होतो, त्याच बऱ्याचदा आपल्याला फसवतात. क्लोरीनचा वास, गुडघाभर पाणी, शिट्टी घेऊन उभा असलेला लाइफगार्ड, मुलाच्या कमरेची ट्यूब. या चारही गोष्टी नीट समजून घेतल्या तर बहुतेक धोके टळतात.

छताखालचा वॉटरपार्क वेगळा कसा?

हॉटेल आणि वॉटरपार्क एकाच छताखाली ही कल्पना अमेरिकेत रुजली ती विस्कॉन्सिन राज्यातील विस्कॉन्सिन डेल्स या पर्यटनाच्या गावात. तेथे १९९४ मध्ये एका हॉटेलने आपल्या आवारात छताखालचा वॉटरपार्क सुरू केला. हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावाला त्यामुळे बारमाही गिऱ्हाईक मिळाले. काकूंचा मुलगा त्यांना याच गावी नेणार होता.

आपल्याकडचे वॉटरपार्क बहुतेक उघड्यावर आहेत. हैदराबादजवळ, खोपोलीला, लोणावळ्याला आपण जातो ते याच प्रकारचे. तेथे ऊन लागते, फरशी तापते, पण वारा खेळता असतो. छताखाली मात्र हवा कोंडलेली, उबदार आणि दमट असते. पाण्यातून जे काही हवेत उडते ते तेथेच फिरत राहते. मोठ्या हॉटेलांतील बंदिस्त पोहण्याचे तलाव आणि जाकुझी यांनाही हेच लागू पडते. हा हवेचा मुद्दा सोडला तर पुढील जवळपास सर्व सूचना उघड्या वॉटरपार्कलाही तितक्याच लागू आहेत.

गैरसमज १ : "क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ आहे"

वस्तुस्थिती जवळपास उलट आहे. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्याला उग्र वास येत नाही. क्लोरीनचा संयोग घाम आणि लघवी यांतील नत्रयुक्त पदार्थांशी झाला की 'क्लोरामाइन' नावाची संयुगे तयार होतात. डोळ्यांत झोंबणारा तो उग्र वास या संयुगांचा असतो. म्हणजे वास जितका तीव्र, तितकी पाण्यात घाण जास्त मिसळली आहे आणि जंतू मारायला मोकळा क्लोरीन कमी उरला असण्याची शक्यता आहे.

यांतील एक प्रकार, ट्रायक्लोरामाइन, पाण्यातून सहज हवेत जातो. घसरगुंड्या, कारंजी आणि लाटा यांमुळे पाणी सतत घुसळले जाते, त्यामुळे तो आणखी उडतो. उघड्यावर वारा त्याला नेतो. बंद जागेत तो पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे नेमका लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर साचतो.

२००७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात अशाच एका हॉटेलमधील वॉटरपार्कच्या कर्मचाऱ्यांना खोकला आणि डोळ्यांची जळजळ होऊ लागली, तेव्हा सरकारी आरोग्य यंत्रणेने तपास केला. हॉटेलातील इतर कर्मचाऱ्यांपेक्षा लाइफगार्डना हा त्रास जास्त होता, आणि ज्या दिवशी हॉटेल भरलेले असे त्या दिवशी तो वाढत असे. जितकी गर्दी, तितके पाण्यात घाम-लघवी जास्त, तितकी हवा खराब, असे हे सरळ गणित आहे.

तुम्ही काय करू शकता?

• पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ करा. निदान एक मिनिट शॉवरखाली उभे राहा. डोक्याला तेल चोपडून जाऊ नका. तेलही पाण्यातील क्लोरीन खर्च करते.
• मुलांना दर तासाला स्वच्छतागृहात न्या. "पाण्यातच होऊन जातं, कोण बघतंय" ही सवय इतरांसाठी आणि आपल्यासाठीही वाईट.
• आत शिरताच डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर तेथील व्यवस्थापनाला सांगा आणि बाहेरच्या हवेत या. दर तासाभराने दहा मिनिटे तरी बाहेर बसा.
• तलावाचा तळ आणि तळाची जाळी स्पष्ट दिसते का, हे पाहा. पाणी गढूळ असेल तर उतरूच नका. गढूळ पाण्यात तळाला गेलेले मूल दिसत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे कारण.
• पाण्याच्या तपासणीची नोंद विचारा. पोहण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन किमान १ पीपीएम (म्हणजे एका लिटरमागे १ मिलिग्रॅम), गरम टबमध्ये किमान ३ पीपीएम, आणि पीएच ७.० ते ७.८ असावा, अशी अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. चांगल्या ठिकाणी हे आकडे फलकावर लिहिलेले असतात.

गैरसमज २ : "क्लोरीन आहे, मग जुलाब कसे होतील?"

क्लोरीन जंतू मारतो, पण प्रत्येक जंतूला मरायला वेगळा वेळ लागतो. १ पीपीएम क्लोरीनमध्ये साधारण हिशेब असा :

• जुलाब करणारे ई. कोलाय जिवाणू : एका मिनिटाच्या आत
• हिपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ करणारा एक विषाणू : सुमारे १५ मिनिटे
• जिआर्डिया : सुमारे ४५ मिनिटे
• क्रिप्टोस्पोरिडियम : १० दिवसांहून अधिक

यांतील शेवटच्या नावाकडे लक्ष द्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी जाड कवचात असतो, म्हणून नीट क्लोरीन टाकलेल्या तलावातही तो दिवसेंदिवस जिवंत राहतो. जुलाब होत असलेले एक मूल पाण्यात उतरले आणि इतर मुलांच्या पोटात त्या पाण्याचे एकदोन घोट गेले, की आजार पसरायला तेवढे पुरते.

हा आजार लगेच दिसत नाही. सहलीनंतर साधारण आठवडाभराने, कधी दोन दिवसांनी तर कधी दहा दिवसांनी, पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, मळमळ आणि हलका ताप सुरू होतो. तोपर्यंत घरचे सहल विसरलेले असतात आणि दोष कालच्या पाणीपुरीवर जातो. एरवी धडधाकट माणसात तो एक-दोन आठवड्यांत बरा होतो, पण मधल्या काळात लहान मुलांच्या अंगातले पाणी कमी होऊ शकते. एचआयव्ही, कर्करोगावरील उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तो गंभीर ठरू शकतो. दुसरी गोष्ट अशी की विष्ठेच्या साध्या तपासणीत तो अनेकदा सापडत नाही. डॉक्टरांनी वेगळी सूचना लिहावी लागते. म्हणून जुलाबासाठी दवाखान्यात गेलात की "आम्ही पंधरा दिवसांत वॉटरपार्कला गेलो होतो" हे आवर्जून सांगा.

आमच्याकडे एक प्रकार मी नेहमी पाहतो. बुकिंग झालेले असते, पैसे भरलेले असतात आणि निघायच्या आदल्या दिवशी मुलाला जुलाब लागतात. मग "एखादी गोळी द्या डॉक्टर, दोन दिवस बांधून राहील अशी" ही मागणी येते. लहान मुलांना जुलाब 'बांधणारी' औषधे देऊ नयेत, ती घातक ठरू शकतात. आणि अशा मुलाला पाण्यात नेणे म्हणजे इतर शंभर मुलांना आजार वाटणे. सहलीला जा, पण त्या मुलाला पाण्यात उतरवू नका. जुलाब थांबल्यावरही काही काळ हा परजीवी विष्ठेतून पडत असतो. म्हणून क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यापासून दोन आठवडे तलाव टाळावा.

तान्ह्या मुलांसाठी मिळणारे पोहण्याचे डायपर घट्ट शी थोडा वेळ अडवतात, पातळ शी अडवत नाहीत. दर तासाला तपासा आणि बदलायचे ते स्वच्छतागृहात, तलावाच्या काठावर नको.

गैरसमज ३ : "पाणी गुडघाभरच आहे, आणि काही झालं तर ओरडेल की"

इथे मला स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. सात वर्षांपूर्वी आम्ही दोन भावांची कुटुंबे एका वॉटरपार्कला गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. पाणी तिच्या कमरेइतके. मी तीन-चार मीटरवर उभा राहून बाकीच्यांचा फोटो काढत होतो. तिचा पाय घसरला, ती तोंडावर पडली आणि तिला पुन्हा उभे राहता येईना. किंकाळी नाही, हात हलवणे नाही, पाण्याचा मोठा आवाजही नाही. माझ्या वहिनीचे लक्ष गेले आणि तिने दंडाला धरून उचलले. पोरगी खोकली, रडली आणि दहा मिनिटांत पुन्हा खेळायला लागली. मी मात्र त्या दिवशी पुन्हा फोटो काढला नाही. बुडण्यावर परीक्षेत पानभर उत्तर लिहिलेला डॉक्टर मी, आणि माझी पाठ तिच्याकडे होती.

बुडणे सिनेमातल्यासारखे नसते. ओरडायला श्वास लागतो, आणि बुडणाऱ्याचे तोंड पाण्याबाहेर येते तेव्हा त्याला कसाबसा श्वास घ्यायचा असतो. हात हलवायलाही त्याला सवड नसते, कारण ते पाणी खाली दाबण्यात गुंतलेले असतात. म्हणून बुडणे बहुधा शांतपणे घडते, आणि लहान मूल मिनिटभरात पाण्याखाली जाऊ शकते. पडल्यावर नाक-तोंड झाकले जाईल एवढे पाणी त्याला पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांत जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. यातली बहुतेक नदी, तळी, विहिरी यांत गेली, हे खरे. पण वॉटरपार्कमध्ये आपण जसे बेफिकीर असतो तसे विहिरीच्या काठावर नसतो.

आणखी एक फरक पडला आहे. माझ्या पिढीतील खेड्यातली मुले पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. काठावर काका नाहीतर मोठा भाऊ उभा असायचा, त्याची नजर हटत नसे. आता विहिरी आटल्या, पोहणे सुटले आणि ती काठावरची नजरही सुटली. नव्या पिढीतील अनेक मुलांचा खोल पाण्याशी पहिला संबंध थेट वॉटरपार्कमध्ये येतो.

गैरसमज ४ : "लाइफगार्ड आहे, ट्यूब आहे, सगळे आहेत"

लाइफगार्ड हवाच. पण त्याच्या नजरेखाली शेकडो डोकी असतात, तुमच्या मुलावर नजर ठेवणारे तुम्हीच. हवेच्या ट्यूब आणि दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत. ती निसटतात आणि उलटतात. पोहता न येणाऱ्या मुलाला त्याच्या मापाचे, पट्ट्या नीट आवळलेले लाइफ जॅकेट घाला. तेथे बहुधा ते मिळते. आणि जॅकेट घातले तरी नजर हवीच.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे 'सगळे आहेत ना'. दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतोय. यावर उपाय साधा आहे : पाळी लावा.

• एका वेळी एकच मोठा माणूस 'पहाऱ्यावर'. पाळी १५-२० मिनिटांची. पाळी बदलताना तोंडाने सांगायचे, "आता तू."
• पहाऱ्यावरच्या माणसाच्या हातात मोबाइल नको, गप्पा नकोत, दारू तर मुळीच नको.
• पाच वर्षांखालील आणि पोहता न येणारे मूल हाताच्या अंतरावर. हात लांबवला की त्याला धरता आले पाहिजे.
• मुलांचे कपडे भडक रंगाचे, केशरी किंवा झगझगीत पिवळे. निळा आणि पांढरा रंग पाण्यात हरवतो.
• साडी, ओढणी, जीन्स घालून पाण्यात उतरू नका. सुती कापड भिजून जड होते, लांब कापड पायात आणि घसरगुंडीत अडकते.
• लाटांच्या तलावात लाटा सुरू होण्याआधी लहान मुलांना काठाजवळ आणा.

घसरगुंडीबद्दल थोडक्यात. उंचीची आणि वजनाची अट फलकावर असते, ती रांगेत भांडून मोडायची नसते. पाय पुढे करूनच बसायचे, डोके पुढे करून नाही. आधीचा माणूस खाली पोचून बाजूला होईपर्यंत थांबायचे. फलकावर परवानगी नसेल तर लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरू नये. वेगात त्याचा पाय अडकून मोडू शकतो. मानेचे, कमरेचे दुखणे असणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी मोठ्या घसरगुंड्या टाळाव्यात.

विशेष काळजी कोणी घ्यावी?

मधुमेह : काकांना मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे पाय. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते. खरखरीत फरशीवर कापलेले, उन्हात तापलेल्या फरशीवर भाजलेले कळत नाही आणि त्यातून जखम चिघळते. म्हणून पाण्यात चालतील असे रबरी बूट घालायचे आणि रात्री दोन्ही तळपाय उजेडात तपासायचे. दुसरी म्हणजे साखर अचानक कमी होणे. पाण्यात खेळताना जेवणाची वेळ टळते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होऊ शकते, आणि अंग ओलेच असल्याने घाम लक्षात येत नाही. अशा वेळी पाण्याबाहेर येऊन लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या. तिसरी म्हणजे वेळ. शिकागोची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. इन्सुलिनच्या वेळा जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.

दमा : छताखालच्या कोंडलेल्या हवेने दम्याचा झटका येऊ शकतो. नेहमीचा इनहेलर एकही दिवस चुकवू नका आणि झटक्याच्या वेळचा इनहेलर खोलीत ठेवण्याऐवजी जवळच्या पिशवीत ठेवा. खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली की बाहेर या. तेवढ्याने आणि इनहेलरने आराम पडला नाही तर दवाखाना गाठा.

रक्तदाब आणि हृदयविकार : गरम टबमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या आणि दारू यांमुळे हे वाढते. पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम नसावे आणि एका वेळी दहा मिनिटे पुरेत. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गर्भवतींनी आणि पाच वर्षांखालील मुलांनी गरम टबमध्ये बसू नये.

फिट येणारे : गोळी चुकवू नका, रात्रीची झोप मोडू नका, पाण्यात लाइफ जॅकेट आणि शेजारी एक खास माणूस. उंच घसरगुंडी नको. एकट्याने तर कधीच पाण्यात उतरू नका.

कान, डोळे, त्वचा

कान : पाणी कानात साचून बाहेरच्या नळीला सूज येते. कानाची पाळ ओढली की कळ येते, ही त्याची खूण. डोके एका बाजूला कलते करून पाणी निथळू द्या आणि बाहेरून टॉवेलने टिपा. काडी, हेअरपिन, गरम तेल, लसणाचे तेल यांपैकी काहीही कानात घालू नका. ज्यांचा कान वाहतो किंवा पडद्याला छिद्र आहे त्यांनी डोके पाण्याखाली नेऊ नये.

डोळे : कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच पाण्यात उतरा. लेन्सखाली अडकलेल्या जंतूंमुळे बुबुळाला गंभीर जखम होऊ शकते. डोळे आलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये.

त्वचा : गरम टबनंतर एक-दोन दिवसांत पोहण्याच्या कपड्याखाली खाजरे लाल पुरळ आले तर तो बहुधा टबमधील जिवाणूंचा प्रताप असतो. तो सहसा काही दिवसांत आपोआप जातो. आपल्याकडे मोठी अडचण गजकर्णाची आहे. भाड्याने मिळणारे ओले पोशाख आणि टॉवेल यांतून ते घरी येते. स्वतःचा नायलॉनचा पोशाख आणि टॉवेल न्या. खाज आलीच तर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नका. दोन दिवस बरे वाटते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरते.

हॉटेलच्या मुक्कामात गरम टबच्या वाफेतून 'लिजनेला' नावाचा जिवाणू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे क्वचित घडते, पण पन्नाशीपुढील व्यक्ती, धूम्रपान करणारे आणि जुना फुप्फुसाचा आजार असलेले यांना धोका जास्त. परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना टबबद्दल सांगा.

कोणी बुडताना आढळले तर

१. मदतीसाठी ओरडा, लाइफगार्डला बोलवा आणि माणसाला पाण्याबाहेर काढा. स्वतःला पोहता येत नसेल तर उडी न मारता ट्यूब, दोरी किंवा काठी फेका.
२. हाक मारा, श्वास पाहा. श्वास नसेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने २ ते ५ श्वास द्या. बुडण्यात आधी प्राणवायू संपतो, म्हणून आधी श्वास.
३. मग छातीच्या मध्यभागी दाब द्या. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ३० दाब आणि २ श्वास. लहान मुलात छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल.
४. दुसऱ्या कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. महाराष्ट्रात आणि तेलंगणात १०८, अमेरिकेत ९११.
५. पोट दाबणे, उलटे टांगणे, पाय धरून गरगर फिरवणे, पालथे घालून पाणी काढणे हे प्रकार अजूनही आपल्याकडे होतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. हे करू नका.

श्वास देऊन किंवा छाती दाबून वाचवलेल्या प्रत्येकाला रुग्णालयात न्यावेच लागते. पाण्याखाली जाऊन नुसते घाबरलेले मूल असेल तर पुढचे काही तास त्याच्यावर लक्ष ठेवा. सतत खोकला, जोरात श्वास, उलट्या किंवा सुस्ती दिसली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

घरी आल्यावर जुलाब झाले तर

ओआरएसचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण मिसळा आणि घोट घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डब्यातली गोड फळपेये हा ओआरएसचा पर्याय नाही. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवा. सहा महिन्यांवरील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक १४ दिवस द्यावे. शौचातून रक्त, डोळे खोल जाणे, सहा तासांत लघवी न होणे, मूल पेंगुळणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

जाण्याआधीची छोटी यादी

• नेहमीची औषधे दोन भागांत, चिठ्ठीसह
• ओआरएस, इनहेलर, ग्लुकोज
• स्वतःचे पोशाख, टॉवेल, रबरी बूट
• परदेशात जात असाल तर प्रवास विमा, जुने आजार न लपवता
• आणि कुटुंबातील पहाऱ्याच्या पाळ्या, गाडीत बसतानाच ठरवलेल्या

ती दोघे चैत्रात परत आली. काकांची साखर थोडी वाढली होती, पाय मात्र ठणठणीत. काकूंनी सांगितले, आत गेल्या गेल्या घशात खवखवले, म्हणून त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन आल्या. पाण्यात त्या उतरल्याच नाहीत. "मग तीन दिवस काय केलंत काकू?" मी विचारले. "पहारा," त्या म्हणाल्या. "सुनेला म्हटलं, तू निवांत पोह. माझी पाळी आहे, मी नजर हलवत नाही." नातवाचा पाय दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा त्यांनी सुनेला हाक मारली.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारासंबंधी आणि औषधांसंबंधी निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)